डेकवरच्या व्हार्निशचे पोपडे निघताहेत: वरून पुन्हा मारू की सगळं उतरवू?

पायरीवर

घराच्या मागे लाकडी डेक आहे, जमिनीपासून गुडघाभर उंच. वरच्या फळ्या सागाच्या. खालच्या तुळया कसल्या आहेत ते माहीत नाही, पण त्यांना हिरवट झाक आहे. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी फळ्यांवर चकचकीत व्हार्निश मारून ठेवलं होतं आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यावरच भाळलो. छपराखालचा पट्टा अजूनही तसाच मधाळ दिसतो. उन्हापावसातला भाग मात्र बघवत नाही. कडेला नख घातलं की पापुद्रा सोलून येतो आणि खाली लाकूड राखाडी. प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग. अनवाणी चालायची सोय नाही, तळव्यात कुसळं भरतात. पायरीजवळच्या एका फळीचं टोक अंगठ्याने दाबलं तर चक्क मऊ लागतं.

रंगकाम करणारे एक गृहस्थ बघून गेले. म्हणाले, प्रेशर वॉशरने धुतो, वाळलं की बोटीला लावतात ते व्हार्निश दोन हात मारतो, पाच वर्षं बघायला नको. ऐकायला बरं वाटलं, पण मन घेत नाहीये. कुणी हे काम स्वतः केलंय का? सुरुवात कुठून करू?

घाईगर्दी

प्रेशर वॉशरला पर्याय नाही. आमचा डेक दुपारभरात पिवळाधमक झाला होता. फुल्ल प्रेशर ठेवा, राखाडी थर असा उडतो की बघत राहावं.

पटाशी

पायरीवर, व्हार्निश नको. बोटीचं असो की विमानाचं.

कारण असं. लाकूड ओलं झालं की आडवं फुगतं, वाळलं की आकसतं, आणि उघड्यावरच्या फळीचं हे रोजचं चालू असतं. वरचा थर तितका ताणला जात नाही. तो आधी स्क्रूच्या डोक्यापाशी आणि फळीच्या टोकाला फाटतो. तिथून पाणी आत शिरतं, पण वर जाड थर असल्यामुळे लवकर बाहेर पडत नाही. शिवाय पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंक, फोडतात. व्हार्निशने ज्या पृष्ठभागाला धरलंय तोच सुटा होतो, मग पापुद्रा निघणारच. तुम्हाला पापुद्र्याखाली राखाडी दिसतंय ते त्यामुळे. बोटीच्या व्हार्निशमध्ये अतिनील किरण अडवणारी द्रव्यं असतात, लवचीकपणाही जास्त असतो, हे खरं. पण बोटवाले ते दर हंगामात घासून पुन्हा मारत असतात, ते कुणी सांगत नाही. कठड्याला मारा हवं तर. पायाखालच्या फळीला नाही.

पण हे सगळं नंतर. तुमच्या प्रश्नात मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते मऊ टोक. राखाडी रंग हा काही आजार नव्हे. तो थर कागदाइतका असतो, त्याखाली साग जसाच्या तसा. डेक मरतो तो पाणी साठून, आणि ते साठतं जिथे आपण बघत नाही तिथे. म्हणून आधी एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि बॅटरी घेऊन डेकखाली जा. फळी तुळईवर टेकते ती जागा, घराच्या भिंतीला बोल्टने धरलेली तुळई, पायरीचे सांधे आणि फळ्यांची कापीव टोकं, एवढी ठिकाणं टोचून बघा. नुसतं टोचू नका. टोक तिरपं खुपसून वर उचका. निरोगी लाकूड करकरतं आणि लांब कुसळ उभं राहतं. कुजायला लागलेलं लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यात मोडतं, कडा चौकोनी दिसते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे हे केल्याशिवाय एकाही डब्याचं झाकण उघडू नका.

त्या हिरवट तुळया बहुधा तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेल्या आहेत. बांधकाम जुनं असेल तर त्यात आर्सेनिकही असू शकतं. अमेरिकेत तसलं लाकूड घरगुती वापरासाठी २००३ अखेर बंद झालं, त्याआधीचं अजून जागोजागी उभं आहे. तुळयांना सँडर (घासायचं मशीन) लावू नका आणि काढलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत तर अजिबात घालू नका.

@घाईगर्दी, फुल्ल प्रेशरने राखाडी उडतं तसं लाकूडही उडतं. वार्षिक वलयांमधला मऊ भाग आधी खरवडला जातो आणि कडक रेघा उंच राहतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याच रेघांची कुसळं होतात. रुंद पंख्याचं नोझल, फळीच्या लांबीने हात फिरवायचा, एका जागी थांबायचं नाही आणि ६००-८०० पीएसआयच्या (मशीनवर लिहिलेला पाण्याचा दाब) पुढे मी जात नाही. खरं तर ब्रश आणि पाण्याचा पाइप पुरतो.

घाईगर्दी

कुसळं झालीच होती म्हणा. मला वाटलं, लाकूड हलकं आहे.

पायरीवर

पटाशी, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आज खाली जाऊन आले. भिंतीकडची तुळई ठणठणीत, कुसळ उभं राहिलं. पायरीजवळच्या मऊ फळीचं टोक मात्र चार बोटं आतपर्यंत तुकड्यातुकड्यानेच मोडलं. तिच्याखालच्या तुळईची वरची कड भुसभुशीत आहे, पण अर्ध्या बोटाखाली टोक थांबतं. वर पाहिलं तर पन्हळीचा पाइप नेमका त्या कोपऱ्यात सांधा सोडून ठिबकतोय! फळ्यांच्या फटीही पानांच्या चिखलाने बुजल्यात. एका दुकानदाराने सांगितलं, भोक एपॉक्सीने (कडक होणाऱ्या भरावाने) भरून टाका. भरू का? आणि फळ्या साफ करायला काय वापरू? घरात ब्लीच आहे.

पटाशी

एपॉक्सी नको. भरावाभोवतीचं लाकूड हलत राहतं, भराव हलत नाही. मध्ये केसाएवढी फट पडते, पाणी तिथेच मुक्काम करतं आणि भरावाच्या मागे कूज चालूच राहते. आधी पाइप दुरुस्त. तो ठिबकत असेल तर बाकीचं सगळं वाया. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याखाली ठेवलं की ती उपाशी.

मग ती फळी चांगल्या लाकडापर्यंत मागे कापा, कापणी पुढच्या तुळईच्या मधोमध येईल अशी, आणि तेवढ्या लांबीचा नवा तुकडा घाला. तुळईची भुसभुशीत कड पटाशीने साफ तासून काढा. कापताना धूळ उडेल, मास्क लावा. तिच्या अंगाला नवी जोडतुळई बोल्टने आवळा म्हणजे फळीला टेकायला कोरं, सपाट लाकूड मिळेल. दोन्ही तुळयांच्या माथ्यावर ब्युटाइल रबराची चिकट टेप लावली की मधल्या फटीत पाणी उतरत नाही. कापलेलं प्रत्येक टोक त्याच दिवशी तेलाने किंवा मेणाने बंद करायचं. टोकाकडून लाकूड पाणी ओढतं ते बाजूच्या कितीतरी पट वेगाने. आपण कापलेली टोकं उघडी असतात, आणि सड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

फटी पुट्टीच्या पत्र्याने उकरून मोकळ्या करा. पाच-सहा मिलिमीटर फट दिसली पाहिजे, नाहीतर डेकखाली वारा खेळत नाही.

घरातलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, फळ्यांना नको. बुरशी मरते, पण ते लिग्निनही खातं. लाकूड पांढरट, लव आल्यासारखं होतं. सोडियम परकार्बोनेट आणा, कपड्यांच्या ‘ऑक्सिजन ब्लीच’मध्ये असतं तेच. कोमट पाण्यात घातलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा सुटतो. फळी आधी ओली करून घ्या, द्रावण ओता, फेस येईल. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्यायचं नाही, वाळायला लागलं तर पाणी शिंपडा. नायलॉनच्या ताठ ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश नको. तारेचे कण लाकडात अडकतात आणि चार दिवसांत काळे ठिपके उठतात.

याने साग काळपट पडेल. घाबरू नका, अल्कलीचा परिणाम आहे. भरपूर पाण्याने धुतल्यावर ऑक्झॅलिक ॲसिड: लिटरभर पाण्यात तीस-चाळीस ग्रॅम. स्क्रूभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (एक तुरट द्रव्य) यांची शाई. ऑक्झॅलिक ॲसिड त्यातलं लोखंड पकडून पाण्यात सोडतं, डाग डोळ्यांदेखत फिकट होतो. विषारी आहे. हातमोजे, चष्मा, भुकटी ढवळताना मास्क, आणि कुत्रं-मांजर-मुलं धुऊन होईपर्यंत आत. ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

स्क्रू साधे लोखंडी असतील तर डाग परत येणार. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घाला, समुद्राजवळ असाल तर ३१६. तांब्याची प्रक्रिया केलेल्या तुळईत साधा जस्ताचा मुलामा लवकर खाल्ला जातो, तिथेही स्टेनलेसच.

निवांत

एक वेगळा विचार मांडतो. साग आहे ना? मग तेलाची भानगडच कशाला? आमचा डेक कित्येक वर्षं बिनतेलाचा आहे. चंदेरी राखाडी झालाय, मला तोच आवडतो. सागात स्वतःचंच तेल असतं.

पटाशी

@निवांत, +१. सागाच्या गाभ्याला टिकण्यासाठी तेल लागत नाही. तेल दिसण्यासाठी आणि भेगा थोड्या कमी पडाव्यात म्हणून. पायरीवर यांना हाच रस्ता सगळ्यात सोपा. फक्त उरलेलं व्हार्निश पूर्ण काढावं लागेल, छपराखालचंसुद्धा. नाहीतर ठिगळं दिसतील. आणि छपराखालचा पट्टा मागे राहील, तिथे ऊन पोचत नाही. दोन रंगांचा डेक डोळ्यांना चालत असेल तर प्रश्नच नाही. ओलसर सावलीत शेवाळ धरतं, तेवढं घासत राहायचं.

पायरीवर

दोन रंग नाही चालायचे मला :) तेलाचंच सांगा. व्हार्निश काढायला सँडर भाड्याने मिळतोय.

पटाशी

आधी स्क्रूची डोकी दोन मिलिमीटर आत घ्या, नाहीतर पेपर फाटत बसेल. ६० नंबरच्या पेपरने सुरुवात, ८० ला थांबा. १२०-१५० पर्यंत गेलात तर फळी हाताला गुळगुळीत लागेल, पण रंध्रं बुजल्याने तेल आत जाणार नाही, वरच बसून चिकट होईल. फर्निचरवाले इथेच फसतात.

धुणं झालं की वाळू द्या, घाई नको. ओलावामापक मिळाला तर १५ टक्क्यांच्या खाली आलं का बघा. नसेल तर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. पटकन शोषले गेले तर लाकूड तयार आहे, मोतीसारखे उभे राहिले तर कुठेतरी व्हार्निश शिल्लक आहे.

तेल रंगद्रव्य असलेलं घ्या, फिकट तपकिरी चालेल. बिनरंगी तेल ऊन अडवत नाही, थोड्याच महिन्यांत पुन्हा राखाडी. डब्यावर ‘टीक ऑइल’ लिहिलंय म्हणून भुलू नका, ते सागाचं तेल नसतं. आत काय आहे ते मागे वाचा. सकाळी किंवा ढगाळ दिवशी काम करा, तापलेल्या फळीवर तेल आत जायच्या आधीच आळतं. एका वेळी दोन-तीन फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये थांबलात तर जोडाचा पट्टा कायम दिसेल. पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी जे वर चमकतंय ते सगळं फडक्याने पुसून घ्या. लोकांना वाटतं, तेल वाया चाललं. वर राहिलेलं तेलच वाया असतं.

आता ती फडकी. अळशीचं किंवा तसलं वाळणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते. बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम आटोपल्यावर फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. दमलेलो असताना नेमकं हेच राहतं, म्हणून डबा सकाळीच भरून ठेवा.

जवसफुल

मध्येच विचारते. बाजारातलं साधं कच्चं अळशीचं तेल चालेल का? घरी पडलंय.

पटाशी

क्रिकेटच्या बॅटला चालेल. डेकला नको. कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं, तोवर धूळ बसते, आणि दमट हवेत बुरशीला ते आवडतं. काळे ठिपके पडतात. डेकसाठीच्या तेलात बहुधा बुरशीनाशक घातलेलं असतं, पैसे त्याचेच.

पायरीवर, एक राहिलं. नवीन घातलेला सागाचा तुकडा तेलकट असतो, त्यावर तेल बसत नाही. लावायच्या आधी तो थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. रंग पहिले काही महिने बाजूच्या फळ्यांशी जुळणार नाही, त्यासाठी जास्तीचा हात मारू नका. आणि कुंड्या परत ठेवाल तेव्हा खाली पाय किंवा ठोकळे लावा, बुडाखालून वारा गेला पाहिजे.