चाळीस हजारांत घाट चढेल अशी सायकल सुचवा (तासगाव–पलूस–कऱ्हाड–कोयना)

द्राक्षेआंबट
रामराम मंडळी. वय ४६, वजन ८८, डावा गुडघा थंडीत बोलतो. दोन वर्षं मुलाच्या जुन्या एमटीबीवर (जाड टायरची डोंगरी सायकल) सांगली-माधवनगर-कवलापूर करतोय, आता हौस वाढलीय. फेब्रुवारीत तीन दिवस काढणार आहे. पहिल्या दिवशी तासगाव, पलूसच्या द्राक्षबागा, कुंडल, ताकारी, सागरेश्वरचा घाट, कऱ्हाडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कोयनेच्या दरीतून पाटण, हेळवाक, कोयनानगर. तिसऱ्या दिवशी परत कऱ्हाड, पुढं एसटी. रोड बाईक घ्यायचीय. बजेट ४०,०००. एक रुपया जास्त नाही, घरात ठराव पास झालाय. कोणती घेऊ?

घाटवेडा_सातारा
४० मध्ये खेळणं येतं दादा. ९५ पर्यंत ताणा, शिमानो १०५ चा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) आणि कार्बन फोर्क मिळेल. मी तेच केलं, आता यवतेश्वर एका दमात चढतो. घरी चाळीसच सांगायचं. आणि पलूसला काय बघायचंय? सरळ साताऱ्यात या, कासला जा, पलीकडं बामणोलीला उतरा.

बेदाणा_किंग
सातारकरांना बोगद्यापलीकडं जगच दिसत नाही. फेब्रुवारीत कासला काय बघणार, वाळलेलं गवत? फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडं द्राक्षाचा भर हंगाम, बेदाण्याची शेडं सुरू झालेली.
आण्णा, एकच सांगतो. बागेच्या कडेनं जाताना घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झालीय ते मालकालाच माहीत. विचारा, तो स्वतः धुऊन देईल, वर चहा पाजेल.

मास्तर_निवृत्त
गेल्या वर्षी चिरंजीवांकडे फ्रान्सला गेलो असता मोन्त व्हान्तू या पर्वताच्या परिसरात सायकल चालवण्याचा योग आला. उंची १,९१० मीटर. बेदुआँ गावातून २१ किलोमीटरचा चढ, सुमारे १,६०० मीटर वर जायचे. पायथ्याशी सगळे द्राक्षमळे, बाजूला नेस्क नदीची चिंचोळी दरी, रस्ता कड्यात कोरलेला. तेथील मोटारवाले सायकलस्वाराच्या मागे शांतपणे थांबतात. हॉर्न नाही. (मी इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेतली होती.)

बेदाणा_किंग
कंस शेवटाला आला मास्तर 😀

वाईची_सून
वजन आणि गुडघा दोन्ही लिहिलंय, तरी एकानंही गिअरबद्दल बोलू नये? मी वाईतून पसरणी घाट दर रविवारी करते. पहिल्या वर्षी मागं २८ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, सर्वांत मोठीला २८ दात) होती, पाचगणीला पोचेस्तोवर गुडघा फुगायचा. ३४ ची टाकली नि त्रास गेला. सायकल कोणतीही घ्या, पुढं ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या (५०/३४) आणि मागं ३४ असेल तरच.

काटेकोर
ताईंचं बरोबर आहे, फक्त आकडा टाकतो. ७०० बाय २८ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. पेडल मिनिटाला ६० वेळा फिरवलं तर ३४/२८ वर (पुढं ३४ दात, मागं २८) ताशी ९.२ किमीचा वेग येतो, ३४/३४ वर ७.६. घाटात तुम्ही ७ नेच जाणार, म्हणजे २८ वर पाय मिनिटाला ४५ वेळा फिरणार आणि सगळा भार गुडघ्यावर. मात्र आखूड केजच्या डिरेलरला (मागचे गिअर बदलणारा भाग) ३४ बसेलच असं नाही. त्यावर जीएस, म्हणजे लांबट केज, लिहिलंय का बघूनच कॅसेट घ्या.

घाटवेडा_सातारा
७ नं का जाईल माणूस? सराव करायचा. मी १४ नं चढतो.

काटेकोर
तुमचं वजन?

घाटवेडा_सातारा
५९. त्याचा इथं काय संबंध.

रबर_सोल्युशन
विट्यातून लिहितोय. सायकल कसलीबी घ्या, बाभळीच्या काट्याला किंमत कळत नाही. द्राक्षबागेच्या कुंपणाची बाभूळ छाटली की काटे रस्त्यावर येतात. माझी एका सकाळी चार पंक्चर, दोन ट्यूब संपल्या, शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवर सायकल टाकून घरी. ट्यूबलेस करा, आत सीलंट (भोक बुजवणारं द्रावण) भरा. आणि २५ मिमी रुंदीचे टायर नकोत, २८ किंवा ३२.
सायकल ऑनलाइन मागवू नका. मी मागवली, खोक्यातनं फोर्क वाकडाच निघाला. तीन महिने मेल-मेल खेळलो, अजून पैसे यायचेत. नाव घेत नाही.

साखरझोप
ट्यूबलेस करा.

कोयनाकाठचा
माझं गाव पाटणच्या पुढं. मूळ पोस्टमध्येच एक गोम आहे, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कऱ्हाड ते कोयनानगर हा घाट नाहीच. कोयना महाबळेश्वरात उगवते, दक्षिणेला येते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळून कऱ्हाडकडं जाते. रस्ता तिच्याच सोबतीनं जातो. दोन्हीकडं डोंगर, मधनं तुम्ही, बारीक चढउतार सोडले तर पाय मोडणारं काही नाही. खरा घाट हेळवाकच्या पुढं, कुंभार्ली, आणि तो तुम्ही उतरणारच नाही. मग तीन दिवसांत चढ असा एकच, सागरेश्वरचा, तोही तासाभराचा. एवढ्यासाठी लाखाची सायकल?
आमच्या रस्त्यावर त्रास चिपळूणच्या ट्रकांचा. कऱ्हाडातनं पहाटे निघा, दहाच्या आत कोयनानगर गाठा. मागं लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.
अजून एक. नकाशात कोयनेपासून जलाशयाच्या कडेनं बामणोलीकडं पायवाट दिसेल, तिच्या नादी लागू नका. ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, मोकळा रस्ता नाही.

शुद्धलेखन_प्रेमी
विषयांतराबद्दल क्षमस्व. 'कऱ्हाड' की 'कराड'? धाग्यात दोन्ही यायला नकोत.

बेदाणा_किंग
एसटीच्या पाटीवर कराड, आजीच्या तोंडात कऱ्हाड. झालं?

शुद्धलेखन_प्रेमी
पाटी हा पुरावा होऊ शकत नाही.

(यावर सतरा प्रतिसाद आले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

घाटवेडा_सातारा
कोयनाकाठचा, सपाट रस्त्याला तर वारा कापणारी एरो फ्रेमच हवी. म्हणजे १,२०,०००.

रबर_सोल्युशन
ट्यूबलेसचं विसरू नका.

उसाचा_रस
गाळप हंगाम चालू असणार हे ध्यानात घ्या. कुंडल-ताकारी पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागची ट्रॉली वळणावर आत घेते, ड्रायव्हरला दिसत नाही, त्याची गाणी फुल्ल. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये घुसून ओव्हरटेक करायचं नाही म्हणजे नाही. पहाटे धुकं असलं आणि रस्त्यावर उसाचं पाचट पडलं असलं तर बारीक टायर बर्फावरसारखा घसरतो. माझं कोपर अजून सरळ होत नाही.

मास्तर_निवृत्त
फ्रान्समध्ये ट्रॅक्टर सायकलला वाट देतात.

वाईची_सून
मास्तर, मुलाला म्हणावं आम्हालाही बोलाव.
द्राक्षेआंबट, सागरेश्वरच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापते. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. आणि गादीवाली चड्डी घ्या. गावात लोक हसतील, हसू द्या.

द्राक्षेआंबट
सगळ्यांचे आभार. निकाल सांगतो, रागावू नका.
रोड बाईक घेतली नाही. इस्लामपूरला बायकोच्या मावसभावाकडे एक हायब्रिड (रोड बाईक आणि एमटीबीच्या मधली) तीन वर्षं गच्चीवर पडून होती, पुढं तीन चकत्या, ४८/३८/२८. बारा हजारांत दिली, त्यातले दोन तो अजून मागतोय. मागं ३२ ची कॅसेट टाकली, केबल बदलल्या, ३५ चे टायर चढवले. काटेकोर यांच्या हिशेबानं २८/३२ वर ६० फेऱ्यांना ताशी ६.६ निघतात, म्हणजे गुडघ्याला माझं चालणंच वाटेल.
ट्यूबलेस केलं नाही. चार ट्यूब घेतल्यात.
आणि मार्गही बदलला. कोयनानगरला एसटीनं जाणार, तिथून सायकलवर कऱ्हाड, दुसऱ्या दिवशी सागरेश्वर उतरून पलूस, तासगाव, घर. नदी जाते तिकडं आपण.

कोयनाकाठचा
येताना पाटणला थांबा, जेवायला घरी.

घाटवेडा_सातारा
हायब्रिड? एवढा धागा कशाला काढला मग.

रबर_सोल्युशन
चार ट्यूब कमी पडतील.

साखरझोप
मुलाची जुनी एमटीबी विकणार का? बजेट चार हजार.