दीड वर्षाच्या लेकराला कोणाजवळ ठेवून वेचणीला जायचं?

प्रश्न (राळेगाव तालुका, यवतमाळ)

आमचं चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कापसाची पऱ्हाटी अन् तूर. तेवढ्यावर भागत नाही म्हणून वेचणीच्या दिवसांत मी दुसऱ्यांच्या वावरातही जाते. आतापर्यंत लेकरू सासूबाई सांभाळायच्या. आता गुडघ्यांमुळे त्यांना उठवत नाही, अन् पोरगा तर पळायला लागला.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कडुनिंबाला लुगड्याची झोळी बांधून पाहिली, तर तो झोळीतून उतरतो. जवळच उघडी विहीर आहे, फवारणीचे रिकामे डबे पडलेले असतात. बाया ओळीनं पुढे जातात, मी मात्र दर दोन झाडांमागे मान वळवून पाहते. वेचाई किलोवर मिळते. बाकीच्यांचे ४० किलो होतात तेव्हा माझे २५ भरतात.

पैशांचं कसंही सहन करीन. पण त्याला घरी ठेवून गेले की दिवसभर छातीत धडधडतं, रेंज गेली की जीव वर-खाली होतो. रात्री तो झोपतो, मला झोप येत नाही. ह्यांच्याशी रोज वाद. "तू घरीच राय" म्हणतात, अन् बाजाराच्या दिवशी पैसे कमी पडले की तेच चिडतात. माणूस वाईट नाही, कृषी केंद्राची उधारी त्यांच्याही डोक्यावर आहे. पण आधी जेवताना चार गोष्टी बोलायचो, आता मुकाट जेवतो.

तालुक्याच्या गावी पाळणाघर आहे, महिन्याचे दोन हजार सांगतात, ऑटोचे वेगळे. ते परवडत नाही. गावात माझ्यासारख्या आठ-नऊ जणी आहेत. कोणी गावातच स्वस्तात सोय केली आहे का? अन् तिनं घरात खरंच फरक पडतो का?

उत्तर (निवृत्त अंगणवाडी सेविका, आर्वी तालुका, वर्धा)

पोरी, अशी धडधड घेऊन कामावर जाणाऱ्या बाया मी नोकरीभर पाहिल्या. यात तुझं काही चुकत नाही. १९७५ साली अंगणवाडीची योजना आली, तिच्यात तीन वर्षांखालच्या लेकराचा आहार, वजन, लसीकरण सगळं आलं. पण आई वावरात असताना ते कोणाजवळ राहील, हे त्यात नव्हतं. मोठी मुलं यायची तीही काही तासांपुरती. माझं केंद्र बंद व्हायच्या वेळेला आया अजून निंदणातच असायच्या. तुझ्या घरातला वाद त्या उरलेल्या तासांचा आहे, नवऱ्याच्या स्वभावाचा नाही, असं मला वाटतं.

२०२२ पासून केंद्र सरकारची 'पालना' योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या २५ मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास, महिन्यात २६ दिवस. ते सगळ्या गावांत नाही. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात बचत गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. प्रत्येक लेकराचं वय अन् आईची कामावर जायची-यायची वेळ लिहा. नुसतं "पाळणाघर पाहिजे" लिहिलेला कागद फायलीत पडून राहतो.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यातही लिहिलेलं होतं, की सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर आली तर एका बाईला ती सांभाळायला नेमायची अन् तिला मजुरी द्यायची. वावरातल्या मजुरीला असं काहीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर (गोंदिया जिल्हा)

ताई, आमच्याकडे धान. रोवण्याच्या दिवसांत बांधीत गुडघाभर चिखल, वरून पाऊस, लेकरू नेताच येत नाही. मग घरोघरी मोठी पोरगी शाळेतून घरी बसते. आमची चौथीतली पोरगी अशीच बसली होती. तिची शाळेतली बाई घरी येऊन विचारून गेली, तेव्हा आम्ही सहा घरांनी मिळून टोलीतल्या एका विधवा मावशीला सांगितलं. जागा समाजमंदिराची, प्रत्येक घराचे रोजचे ३० रुपये अन् आळीपाळीनं भात-वरण.

फरक विचारता, तर सांगतो. पोरगी शाळेत गेली. बायको संध्याकाळी आली की आधी धावत लेकरू शोधायची, आता हातपाय धुऊन बसते, चहा पिते. मलाही कळलं की तिची चिडचिड माझ्यावर नव्हती. एक मात्र पाहून घ्या. मावशीला आधी आठवडाभर घरी बोलावून लेकराची सवय होऊ द्या. भरवसा नसला तर ३० रुपये देऊनही धडधड तशीच राहते.

उत्तर (आशा कार्यकर्ती, घाटंजी तालुका)

सोय होईल तेव्हा होईल, पण झोपेचं अंगावर काढू नका, ताई. दोन आठवड्यांच्या वर असंच चाललं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना स्पष्ट सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रडू येत असेल, जगावंसं वाटत नसेल तर आजच लावा. तुमच्या ह्यांनाही लावायला सांगा. उधारीचं ओझं पुरुष कोणाला सांगत नाहीत.

प्रश्न विचारणारी

काकू, अर्जाचं समजलं, गटाच्या बैठकीत मांडते. ताई, नंबर लिहून घेतला, ह्यांनाही दाखवते. दादा, एक विचारायचं होतं. पाऊस आला अन् काम बंद राहिलं, त्या दिवसाचे पैसे मावशीला देता का?

उत्तर (गोंदिया जिल्हा)

अर्धे देतो. पहिल्या हंगामात देत नव्हतो, तर मावशी दुसऱ्याच्या रोवण्यावर जायला लागली अन् आमची लेकरं पुन्हा घरी. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून घ्या, आणि हिशेबाची वही तुमच्याजवळ ठेवा.