सतरा हजारांच्या आत मराठी वाचायला काय घ्यावं, रीडर की टॅब?

डोंबिवलीकर

परवा ऑफिसातला मित्र नवा टॅब घेऊन आला, म्हणे आता लोकलमध्ये पुस्तकं वाचणार. दुकानात गेला होता रीडर, म्हणजे नुसती ई-पुस्तकं वाचायचं मशीन, बघायला, तिथल्या पोराने सांगितलं की रीडरवर नुसतं काळंपांढरं दिसतं, तेवढ्याच पैशात टॅब घ्या, पुस्तकंही होतील आणि पिक्चरही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असंच ऐकून टॅब घेतला होता आणि वर्षभरात त्यावर मोजून दीड पुस्तक वाचून झालं. पुस्तक उघडलं की व्हॉट्सॅपचं टिंग, मग क्रिकेटचा स्कोअर, मग कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ, मुंब्रा यायच्या आत पुस्तक बंद.

मग आतेभावाने त्याचा जुना बेसिक किंडल, म्हणजे ॲमेझॉनचा रीडर, दिला, 2022 चा, सहा इंची, 158 ग्रॅम. एका हाताने वरची कडी धरायची आणि दुसऱ्या हातात हा, अंगठ्याने पान उलटायचं. दिवा स्टेशनच्या गर्दीतसुद्धा जमतं. गेल्या दिवाळीपासून सोळा पुस्तकं झाली!

आणि रीडरच्या स्क्रीनमधला ई-इंक हा प्रकार टॅबच्या स्क्रीनपेक्षा मुळातच वेगळा आहे हे लोकांना कोणी नीट सांगतच नाही. त्यात अगदी बारीक कुप्या असतात, कुप्यांत काळे आणि पांढरे कण, विद्युतभार दिला की ते वरखाली होतात आणि मग तिथेच राहतात. म्हणजे पान स्थिर असताना ते दाखवत ठेवायला वीज लागतच नाही, उलटताना लागते, वाचायचा दिवा लावला तर त्याची वेगळी. रोज अर्धा तास वाचलं तर एका चार्जिंगवर सहा आठवडे, असा कंपनीचा दावा, मी जास्त वाचतो तरी तीन आठवडे आरामात जातात. खिडकीच्या सीटवर तोंडावर ऊन असलं तर अक्षर उलट जास्त छान दिसतं.

माझं स्पष्ट मत, वाचायचंच असेल तर रीडर घ्या. टॅब वाचण्यासाठी नाहीच.

गिरगावची वाचक

अजिबात पटलं नाही. दादा, आधी हे सांगा की त्या सोळातली मराठी किती?

माझं वाचन जवळपास सगळं मराठी. किंडलवर डिसेंबर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात हे मला माहीत आहे, पण मला हवं असलेलं पुस्तक तिथे शोधावं तर निम्म्या वेळा नसतंच. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवर घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडायची, ते ॲप किंडलवर चालत नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकं पीडीएफमध्ये. शंभर वर्षांपूर्वीचे ग्रंथ, जुनी मासिकं इंटरनेट अर्काइव्हवर आहेत पण तीही स्कॅन, म्हणजे पानाचे फोटोच, अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं आणि ओळ अर्धी बाहेर जाते. ए-फोर पानाचा कर्ण 14 इंचांच्या वर असतो हो, ते सहा इंचांत कोंबल्यावर काय वाचणार? मुंग्या दिसतात नुसत्या.

माझ्याकडे सॅमसंगचा टॅब ए9 आहे, 8.7 इंची, 2023 मध्ये आला तेव्हा 12,999 ला होता. त्यात बुकगंगा आहे, किंडलचं ॲप आहे, पीडीएफ आहेत, दिवाळी अंकांतली रंगीत चित्रं रंगीत दिसतात. मराठी वाचकाला रीडर घ्या म्हणून सरसकट सांगणं म्हणजे त्याला अर्ध्या कपाटाला कुलूप लावून देणं आहे.

डोंबिवलीकर

ताई, सोळापैकी पाच मराठी. हे मान्य करतो. पण ती पाच मी टॅबवर असतो तर वाचलीच नसती.

परळचा डीटीपीवाला

वीस वर्षं पुस्तकांची अक्षरजुळणी करतोय म्हणून सांगतो, मराठीत एवढ्या पीडीएफ का, याला कारण आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लागली, जे युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं वाचलं जाणारं, नव्हते. त्या फाइलमधला मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाका, रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. त्याचं इपब, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल, करायचं म्हणजे कन्व्हर्टर लावायचा, मग रफार, र्‍ह, द्य, द्ध असली जोडाक्षरं कुठे घसरली ते ओळ न ओळ तपासायचं, म्हणजे पुन्हा अख्खं प्रूफ वाचायचं. जुन्या पुस्तकासाठी हा खर्च करायला प्रकाशक सहसा तयार होत नाही, त्यापेक्षा छापायची पीडीएफ तयारच असते. त्यामुळे गिरगावच्या ताई म्हणतात ते खरं आहे, पण नवी पुस्तकं आता युनिकोडमध्ये लागतात आणि ती रीडरवर सुरेख दिसतात. रीडरवर अक्षर तुटलेलं दिसलं की लोक मशीनला शिव्या घालतात, बऱ्याचदा दोष फाइलचा असतो.

मुलुंडची अभ्यासिका

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, माझ्यासाठी तर प्रश्नच नाही, टॅब. सगळ्या नोट्स पीडीएफ, नकाशे रंगीत, पेनने खुणा करायच्या, अर्ध्या स्क्रीनवर पुस्तक आणि अर्ध्यावर वही. डोंबिवलीकर दादा, टिंग वाजतं हा टॅबचा दोष कसा? माझा टॅब नुसता वायफायवाला, सिम नाही, व्हॉट्सॅप टाकलेलंच नाही, घरातून निघताना वायफाय बंद. एकदा नीट सेटिंग करून ठेवलं की झालं.

डोंबिवलीकर

बंद केलेलं चालू करायला दोन सेकंद लागतात ना. दिवसभर काम करून थकून गाडीत चढलेल्या माणसाचं बोलतोय मी, त्याच्या हातात दुसरं काही लागतच नाही ही रीडरची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

पार्ल्याची लेक

माझा अनुभव आईचा आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आयुष्यभर लायब्ररीची पुस्तकं वाचली, मग बारीक टाइप दिसेना म्हणून वाचन सुटलं आणि ती दिवसभर टीव्हीसमोर बसायला लागली, ते बघवत नव्हतं. आधी टॅब दिला. तो तीनशे ग्रॅमच्या वर, पडून वाचताना मनगट दुखायचं, आणि हात लागून काहीतरी भलतंच उघडलं की घाबरून मला ऑफिसात फोन. मग किंडल पेपरव्हाइट आणला, सात इंची, 211 ग्रॅम, 2025 मध्ये भारतात आला तेव्हा 16,999 होता. फॉन्ट इतका मोठा ठेवलाय की पानावर आठ-नऊ ओळीच मावतात. मी इथून इपब मेलने पाठवते, तिकडे तिच्या किंडलवर आपोआप दिसतं. आता रात्री अकराला मीच सांगते की आई झोप.

ई-इंकने डोळे सुधारतात वगैरे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, तिच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की काहीही वाचताना मधूनमधून लांब बघायचं आणि पापण्या मिटायच्या. पण अक्षराचा आकार आणि हलकेपणा या दोन गोष्टींनी तिला वाचन परत मिळालं.

माहीमचा

किंडल घ्या म्हणणाऱ्या सगळ्यांनी हेही सांगा की 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय ॲमेझॉनने बंद केली. म्हणजे पैसे तुमचे, पुस्तक त्यांच्या घरात. मला हे फार लागलं, कारण माझ्या आजोबांची पुस्तकं आज माझ्या कपाटात आहेत, माझी माझ्या मुलाला कशी देणार? अँड्रॉइडवाला ई-इंक रीडर, बूक्ससारखा, घेतला तर मराठी ॲप्ससुद्धा त्यात टाकता येतात, फक्त बेसिक किंडलपेक्षा महाग पडतो.

आणखी एक, ई-इंकच्या स्क्रीनमागे बहुतेक मशीनमध्ये पातळ काच असते. माझा पहिला रीडर (कंपनीचं नाव नको) कुर्ल्याच्या गर्दीत बॅगेत दाबला गेला, बाहेरून ओरखडा नाही पण अर्ध्या स्क्रीनवर रेघाच रेघा. दुरुस्ती होत नाही म्हणाले, नवीन घ्या. कडक कव्हर पहिल्या दिवशी घ्या आणि बॅगेत डब्याशेजारी ठेवू नका. सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याने त्याचं अकाउंट तुमच्यासमोर काढल्याशिवाय पैसे देऊ नका, हरवला म्हणून नोंदवलेला असेल तर तुमच्या नावावर चढतच नाही.

दादरकर

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे. आधी तिथली मेंबरशिप घ्या, उरलेल्या पैशाचं काय ते नंतर ठरवा.

गिरगावची वाचक

ते तर आहेच हो, मी मेंबर आहेच. पण संदर्भासाठी जुना ग्रंथ रात्री दहाला हवा असतो तेव्हा स्कॅनच कामी येतं.

पार्ल्याच्या ताईंचं वाचून मात्र मनाला लागलं. मोठं अक्षर हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, कारण स्कॅनमध्ये नेमकं तेच होत नाही.

डोंबिवलीकर

काल मित्राला त्याला वाचायची असलेली पाच मराठी पुस्तकं लिहून दे म्हटलं आणि जेवणाच्या सुट्टीत दोघांनी बसून शोधली. दोन किंडलवर आहेत, एक फक्त बुकगंगावर, एकाचं स्कॅन मिळालं, एक कुठेच नाही. त्याला सांगितलं टॅब परत करू नकोस, व्हॉट्सॅप तेवढं काढून टाक. दुकानदाराने हाच प्रश्न विचारला असता तर मी चिडलो नसतो. लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्याला मात्र मी अजूनही रीडरच सांगणार.

पार्लेकर ताई, माझ्या आईलाही घ्यायचा विचार आहे, तिलाही बारीक दिसत नाही. माझा सहा इंची तिला देऊ की सातचाच घेऊ?

पार्ल्याची लेक

आधी तुमचाच दोन दिवस तिच्या हातात द्या, फॉन्ट शेवटून दुसऱ्या आकाराला ठेवून. एका पानावर चार-पाचच ओळी आल्या आणि ती सारखं उलटून वैतागली, तर सातचा घ्या. आणि पहिलं पुस्तक तिने आधी वाचलेलं, आवडतं असं टाका, म्हणजे मशीन शिकताना गोष्ट हरवत नाही.