‘वॉर चेस्ट’ला गंगाजळी म्हणावं का?

लष्करवाला:
मंडळाच्या स्मरणिकेसाठी अमेरिकेच्या निवडणुकीवर लेख लिहितोय. उमेदवार पुढच्या लढतीसाठी जो पैसा साठवून ठेवतो त्याला तिकडे ‘वॉर चेस्ट’ म्हणतात, म्हणजे मुळात लढाईच्या खर्चाची पेटी. मी ‘प्रचाराची गंगाजळी’ लिहिलं. ग्वाल्हेरात राहून दुसरं सुचणार तरी काय? शिंद्यांच्या किल्ल्यावरच्या खजिन्याचं नावच गंगाजळी.

जनकगंजची सून:
साफ चूक. आमच्या देवघरात आजेसासूबाईंनी काशीहून आणलेला तांब्याचा गडू होता, तोंडाला डाक लावलेला. 30 वर्षं नुसता पुसला. फोडला तो त्या गेल्या त्या रात्री, दोन थेंब तोंडात घालायला. गंगाजळी ही अशी, हात न लावण्यासाठी ठेवलेली. वॉर चेस्ट उधळायलाच असते. आणि दाखवायलाही! पदावरचा माणूस आधीच एवढे डॉलर जमवून बसतो की समोरचा उभं राहण्याआधी दहादा विचार करतो.

लष्करवाला:
मग पेपरवाले ‘परकीय चलनाची गंगाजळी’ लिहितात ती? रुपया घसरला की रिझर्व्ह बँक त्यातलेच डॉलर विकते. डाक कधीच निघालीये, वहिनी.

जनकगंजची सून:
रुपयाचा जीव घाबरा झाल्यावरच ना? आणि तुमचा किल्ला 1858 ते 1886 इंग्रजांकडे होता. खजिना आत, महाराज बाहेर, असं आमच्याकडे सांगतात. कुठली लढाई लढली तुमच्या गंगाजळीने?

बाड्यावरचा:
सरळ ‘पेटी’ लिहा की.

माहेर मुंबई:
पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. महाराष्ट्रात 2022 नंतर हे शब्द गंभीर लेखात चालत नाहीत हो.

निवृत्त हिशेबनीस:
शब्द अडतोय कारण ती वस्तू आपल्याकडे उमेदवाराजवळ नसतेच. कागदावर तरी. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, मध्य प्रदेशात विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाखांत भागवायचं, निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही, तेव्हा पेटी तिकडे. अमेरिकेत उरलेला पैसा उमेदवार पुढच्या निवडणुकीला नेऊ शकतो. म्हणून तर ती साठते.

लष्करवाला:
‘युद्धनिधी’ही लिहून पाहिलं. आई म्हणाली, जवानांसाठी वर्गणी काढताय का?

जनकगंजची सून:
‘रसद’ लिहा. लढाईचीच आहे, आणि तोडताही येते.

लष्करवाला:
घेतो. मथळ्यात मात्र गंगाजळीच राहणार, ते पान कालच छापखान्यात गेलं.