प्रतिसाद: ग्रह शिकायला सॉफ्टवेअर की पुस्तक

वरच्या पोस्टमधे म्हटलंय की ग्रह दाखवणाऱ्या असल्या सॉफ्टवेअरमधे मुलं नुसती चित्रं फिरवत बसतात, शिकत काहीच नाहीत. मला नाही पटत. नासाचं 'आईज ऑन द सोलर सिस्टिम' फुकट आहे, ब्राउझरमधेच चालतं, त्यात मी भाचीला नासाचं व्हॉयेजर २ यान दाखवत होते, १९७७ ला निघालं, मग १९७९ गुरू, १९८१ शनी, १९८६ युरेनस, ती आपली तारीख पुढे पुढे ढकलत होती आणि १९८९ ला नेपच्यून ओलांडल्यावर एकदम थांबली, म्हणे मावशी हे खाली का वळलं? आता पुस्तकातल्या सपाट आकृतीत हा प्रश्न पडलाच नसता हो! ट्रायटन या नेपच्यूनच्या चंद्राजवळून जाता यावं म्हणून ते नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवावरून नेलं होतं, आणि नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणानेच त्याला, सगळे ग्रह ज्या सपाट पातळीत फिरतात, तिच्या खाली वळवलं. हे सांगितल्यावर तिने पुन्हा मागे जाऊन गुरूपाशी मार्ग कसा वळतो तेही स्वतःच बघितलं.

फक्त एक करा, मुलांना एकटं सोडू नका, आधी अंदाज करायला लावा आणि मगच प्ले दाबू द्या. आणि अंतरं मोठी आहेत म्हणजे काय तेही बोला, कारण स्क्रीनवर मंगळ एका क्लिकवर येतो पण नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर (चाकांची गाडी) १८ फेब्रुवारी २०२१ ला तिथे उतरला तेव्हा सिग्नल पृथ्वीवर यायला ११ मिनिटं लागली, आणि उतरणं सगळं मिळून सातच मिनिटांचं! म्हणजे सुरुवात झाल्याचं इथे कळलं तोवर रोव्हर खाली पोचलेला. भाची हे ऐकून कितीतरी वेळ गप्प होती.