न्या. छागला तुम्हाला कुठे भेटले? – अनुभव धागा

परवा हायकोर्टात तारखेसाठी साताऱ्याकडचे एक आजोबा आले होते. पुतळ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "वकीलसाहेब, हे कोण?" मी म्हटलं, महंमद करीम छागला. "काय करायचे?" इथे मी अडखळलो. 1927 पासून मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात घटनात्मक कायदा शिकवणारे प्राध्यापक. जिनांच्या चेंबरमध्ये घडलेले आणि 1928 मध्ये मोतीलाल नेहरू समितीच्या अहवालावरून त्यांच्यापासून दूर झालेले. 1941 मध्ये याच मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, 1947 ते 1958 मुख्य न्यायाधीश, मग राजदूत, शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री. उभ्या उभ्या काय काय सांगणार?

शेवटी आजोबांना सेंट्रल कोर्टाबाहेरच्या शिलालेखापाशी नेलं. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच दालनात. निकालानंतर टिळक जे बोलले, तेच शब्द तिथे कोरलेत. 1956 मध्ये छागलांनी मुख्य न्यायाधीश असताना या शिलालेखाचं अनावरण केलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या प्रमुखाने! आजोबांनी चपला काढून हात जोडले. मी रोज तिथून जातो, पण त्या दिवशी थांबलो.

तुमच्या घरी, अभ्यासात, नोकरीत हे नाव कुठे आलं असेल तर लिहा. मतभेद असतील तर तेही.

डोंबिवलीहून

माझे आजोबा फोर्टात एका वकिलांकडे कारकून होते. ते सांगायचे, छागलांपुढे काम असलं की वकीलसाहेब आदल्या रात्री जेवायचेही नाहीत. कारण युक्तिवाद संपला की छागला तिथल्या तिथे, भर कोर्टात निकाल सांगायला सुरुवात करत. राखून ठेवणं नाही, 'पुढच्या महिन्यात बघू' नाही. पक्षकार हरला तरी का हरला ते त्याला त्याच दिवशी कळायचं. आमच्या जागेच्या दाव्याला सतरा वर्षं लागली, तेव्हा आई हीच गोष्ट पुन्हा पुन्हा काढायची.

कोल्हापूरहून, कायद्याची प्राध्यापिका

मी दरवर्षी 'नरसू आप्पा माळी' हा खटला शिकवते. मुंबई राज्याने 1946 च्या कायद्याने हिंदू पुरुषांच्या दुसऱ्या लग्नाला बंदी घातली. तिला आव्हान दिलं गेलं, ते छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढे आलं. बंदी टिकली, बायकांच्या बाजूने निकाल लागला. पण त्याच निकालात असंही आलं की संहिताबद्ध न झालेले व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येणार नाहीत. म्हणजे एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने शेजारचं लावून घेतलं. 2018 च्या शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी या भूमिकेवर स्पष्ट टीका केली.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या आईला वडिलांनी टाकलेलं. निकाल वाचून ती म्हणाली, "मॅडम, जिंकलो पण आणि अडकलो पण." इतकं नेमकं मला पंधरा वर्षांत मांडता आलं नव्हतं. छागलांबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच हा निकाल मला टोचतो. शिक्षक राहिलेल्या माणसाला विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारलेले आवडले असते, असं मला वाटतं.

नाशिकहून, एलआयसीतून निवृत्त

मुंध्रा प्रकरण आमच्याकडे नव्या माणसालाही माहीत असायचं. 1957 मध्ये आमच्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली. पैसा विमेदारांचा. फिरोज गांधींनी लोकसभेत आवाज उठवला आणि चौकशी छागलांकडे आली. त्यांनी ती मुंबईत, लोकांसमोर, उघड्या दालनात केली आणि काही आठवड्यांत संपवली. खात्याच्या सचिवाने केलेल्या गोष्टीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, हे त्यांनी ठामपणे लिहिलं. कृष्णम्माचारींना अर्थमंत्रिपद सोडावं लागलं. पॉलिसी विकताना कुणी "आमचे पैसे बुडणार नाहीत ना?" विचारलं की मी हीच हकिकत सांगायचो.

सिल्वासाहून

आमच्याकडे 2 ऑगस्ट हा मुक्तिदिन. 1954 मध्ये दादरा, नगर हवेली पोर्तुगीजांपासून स्वतंत्र झालं, त्या लढ्यात पुण्या-मुंबईचे कितीतरी तरुण होते, सुधीर फडकेसुद्धा. पुढचं मात्र फार थोड्यांना माहीत असतं. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला: दमणहून इथे यायला आम्हाला वाट हवी. त्या खटल्यात भारताने नेमलेले न्यायाधीश छागला. 1960 च्या निकालात बहुमताने म्हटलं, खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारताने काही गैर केलं नाही. छागलांनी मात्र वेगळं मत लिहिलं, की असा हक्क मुळातच नव्हता. माझ्या आज्याला यातलं काही वाचता येत नव्हतं. 'आपला एक माणूस तिकडं बसलाय' एवढं त्याला ठाऊक होतं.

पुण्याहून

मी जन्मभर मराठी माध्यमात शिकवलं, त्यामुळे मला एक बोलायचंच आहे. 1967 मध्ये विद्यापीठांचं शिक्षण घाईने प्रादेशिक भाषांत नेण्याच्या धोरणाला विरोध म्हणून छागलांनी परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. आजही मला ते चूक वाटतात. खेड्यातल्या मुलाला पदार्थविज्ञान आपल्या भाषेत कळलं तर तो पुढे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पटत नाही म्हणून एवढं मोठं पद सोडून घरी जाणारा मंत्री त्यानंतर किती वेळा दिसला? माझा राग गेला. मतभेद आहे तिथेच आहे.

वरच्या प्रतिसादाला जोडून, वडोदऱ्याहून

माझ्या सासऱ्यांनी आणीबाणीत 'भूमिपुत्र' या गुजराती नियतकालिकाचा एक अंक लपवून ठेवला होता. ऑक्टोबर 1975 मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्याची परिषद झाली, त्यात छागला बोलले, माजी न्यायमूर्ती तारकुंडेही बोलले. छागलांचं वय पंचाहत्तर, सगळीकडे धरपकड चाललेली. ती भाषणं छापली म्हणून 'भूमिपुत्र'वर कारवाई झाली आणि प्रकरण गुजरात हायकोर्टात गेलं. अंक अजून आमच्या कपाटात आहे, पिवळा पडलाय. सासरे गुजराती, मी मराठी. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्यांनी तो माझ्या हातात दिला, म्हणाले, तुमच्या मुंबईच्या माणसाचं आहे, वाच. गुजराती लिपी मी त्यावरच शिकले.