मदत हवी आहे: डेबियन लिनक्सचं अपडेट अर्ध्यात अडकलं, सोमवारी परीक्षा आहे

उदगीरकर: अभ्यासिकेतल्या एका मशीनवर अपडेट मारलं, आता काहीच इन्स्टॉल होईना. ऑफिसही उघडत नाही. सोमवारी लेकरांची सराव परीक्षा आहे. लवकर सांगा.

टर्मिनलवाला: व्हर्जन कोणतं? एरर जशीच्या तशी टाका. आणि अपडेट कामून मारलं, आधी काय बंद होतं?

उदगीरकर: डेबियन १२. मशीन नवीन आहे, वायफाय दिसत नव्हतं. पुतण्यानं व्हिडिओ बघून सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत, एक ओळ वाढवली.

परभणीचा_पेंग्विन: डेबियन स्टेबलचं, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या आवृत्तीचं, हेच रडगाणं. आर्च लिनक्स टाका. रोज अपडेट करतो, कधी त्रास नाही.

टर्मिनलवाला: ग्रब (मशीन सुरू करणारा बूटलोडर) बसेना म्हणून रात्री दीडला धागा तुम्हीच काढला होता ना?

परभणीचा_पेंग्विन: तो ग्रबचा दोष होता, आर्चचा नाही.

नांदेडची_ताई: मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्डच लावा, फोनेटिकच्या नादी लागू नका.

टर्मिनलवाला: ताई, इथं ऑफिसच उघडंना हो.

जालनावाला: वायफाय कार्ड कोणतं?

उदगीरकर: रिअलटेक ८८५२बीई.

जालनावाला: मग दुखणं कळलं. त्याचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ मध्ये आला, १२ मध्ये कर्नल ६.१ आहे. बॅकपोर्ट्समधून (स्टेबलवर चालतील अशा नव्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) नुसता कर्नल आणि कार्डाचं फर्मवेअर घेतलं असतं तर बाकी सगळं स्टेबल राहिलं असतं. असो. पुतण्यानं 'ट्रिक्सी' लिहिलं की 'टेस्टिंग'?

उदगीरकर: त्यानं काय फरक पडतो?

जालनावाला: लई पडतो. ट्रिक्सी म्हणजे १३, ते ९ ऑगस्ट २०२५ ला स्टेबल झालं. ते लिहिलं असेल तर अपग्रेड पूर्ण करून सुटाल. टेस्टिंग हे नाव मात्र एका जागी थांबत नाही, १३ आल्यापासून टेस्टिंग म्हणजे पुढची, अजून तयार होणारी आवृत्ती फॉर्की. १२ न् फॉर्कीची खिचडी झाली असेल तर निवडत बसू नका, डेबियनमध्ये डाउनग्रेडची सोय नाही. होम फोल्डरची कॉपी घ्या, १३ नव्यानं बसवा. त्यात कर्नल ६.१२ आहे, वायफाय लागायला पाहिजे.

परभणीचा_पेंग्विन: म्हणजे शेवटी नवीनच घ्यावं लागलं!

जालनावाला: नवीन, पण स्टेबल.

लातूरकर: इन्व्हर्टर चार्ज आहे का बघा आधी. आमच्याकडं अपग्रेड चालू असताना लाइट गेली, सकाळपर्यंत डीपीकेजी (पॅकेजं बसवणारं टूल) निस्तरत होतो.

उदगीरकर: पुतण्या टेस्टिंग म्हणतो. कॉपी लावली आहे. बाकीच्या दहा मशीनवर पण १३ टाकून घेऊ का?

जालनावाला: चालतायत ना? हात लावू नका. १२ ला एलटीएस (वाढीव काळाचा सपोर्ट) धरून जून २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत.

उदगीरकर: त्यातल्या चार ३२ बिटच्या आहेत, सांगायचं राहिलं.

जालनावाला: मग तर नाहीच. १३ चा इन्स्टॉलर ३२ बिट पीसीला निघालेलाच नाही.